मदत हवी आहे: बेस गिटारला कोणत्या तारा घेऊ? (गायकाची पट्टी काळी दोन, शिवाय नवरात्रीचा घाम)

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितेय. आमचा घरगुती म्हणावा इतपतच वाद्यवृंद आहे. गणपतीत दांडियाबाजार-रावपुऱ्याकडच्या मंडळांत भावगीतं, लावण्या, जुनी हिंदी गाणी आणि नवरात्रीत गरबा. मी बेस वाजवते. चार तारांची (जाडपासून बारीक: ई, ए, डी, जी), तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, जॅझ बेसच्या धर्तीची, दोन सिंगल कॉइल पिकअप. सध्या निकेल प्लेटेड राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे दिलेल्या) आहेत, ४५-६५-८०-१०० (जी ते ई तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). त्या आता पार मेल्यात, ई तारेतून नुसता धप्प आवाज येतो. नवीन घ्यायच्यात, पण त्याआधी तीन गोष्टींवर जाणकारांचं मत हवंय.

पहिली, पट्टी. आमचा मुख्य गायक काळी दोनमध्ये (डी शार्प) गातो आणि त्यावरून तसूभर हलत नाही. बेसची सगळ्यांत खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन, काळी दोनच्या अर्धा सूर वर. म्हणजे मला हवा तो खालचा सा फक्त अर्ध्या सुरासाठी हातातून निसटतो. मग तो वरच्या सप्तकात, ए तारेच्या सहाव्या पडद्यावर वाजवावा लागतो. तिथे कीबोर्डवाल्याचा डावा हात आधीच ठाण मांडून बसलेला असतो. म्हणून चारही तारा अर्धा सूर उतरवायच्या असं ठरवलंय. करून पाहिलं तर तारा ढिल्या पडतात आणि जरा जोरात छेडलं की पडद्यांवर खडखडतात. ई तार ४१.२ वरून ३८.९ हर्ट्झवर येते, आणि ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे साधारण ११ टक्के कमी होतो. जाडी १०० ऐवजी १०५ घेतली तर तारेचं वजन १० टक्क्यांनी वाढतं. मग ४५-६५-८५-१०५ चा सेट घेतला की काम झालं, बरोबर ना?

दुसरी, घाम. इथला गरबा एकदा सुरू झाला की मध्ये श्वास घ्यायला जागा नसते, आणि आसोजातली (आश्विनातली) हवा तुम्हाला माहीतच आहे. राउंडवाउंडच्या वेढ्यांमध्ये घाम-मळ साचतो आणि नव्या तारांची चमक दोन-चार रात्रींत उतरते. कोटिंगवाल्या (वरून पातळ थर दिलेल्या) घ्याव्यात का?

तिसरी, फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीचे वेढे दिलेल्या गुळगुळीत तारा. जुन्या हिंदी गाण्यांतला तो गोल, दबका बेस मला मनापासून आवडतो. पण फ्लॅटची किंमत जवळपास दुप्पट, आणि मैदानावर हा आवाज ऐकूच आला नाही तर काय, ही धास्ती.

आमच्याकडे सतारीच्या, तंबोऱ्याच्या तारा मागाल त्या मिळतात. बेसच्या विचारल्या की दुकानदार साध्या गिटारचा सेट पुढे करतो. त्यामुळे ऑनलाइनच मागवायच्या आहेत.

प्रतिसाद १

ताई, हिशेब ई तारेपुरता बरोबर आहे. पण तुम्ही म्हणता त्या सेटमध्ये जी आणि डी तारा आहेत तशाच राहतात, ४५ आणि ६५. त्या ढिल्या त्या ढिल्याच. ५०-७०-८५-१०५ बघा. अर्धा सूर उतरवल्यावर त्यातली ए आणि ई तुमच्या आत्ताच्या ताणाच्या जवळपास येतात, डी किंचित घट्ट, जी तारेवर दहा टक्के जास्त. जी थोडी ताठ लागेल, पण सवय होते. डॅडारिओ कंपनीत हा सेट ईएक्सएल१६० या नावाने येतो. तुमच्याकडे त्यांचाच असेल तर तो ईएक्सएल१७० असावा.

याचा एक फायदा कोणी सांगत नाही. चारही तारांची मिळून ओढ सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असते. ती फारशी बदलली नाही तर नेकही (दांडी) हलत नाही आणि ट्रस रॉडला (दांडीतल्या सळईला) हात लावावा लागत नाही. नटची (खुंट्यांजवळ तारा बसतात त्या तुकड्याची) खाच मात्र तपासा. जाड तार खाचेत खोल बसायला हवी. वरच तरंगत असेल तर पहिल्या पडद्यावर सूर चढा लागतो. खाच रुंद करायची तर कारागिराकडून, घरच्या कानशीने नको.

आणि उतरवल्यावर मोकळ्या तारा काय होतात पाहिलंत का? ई, ए, डी, जी या क्रमाने काळी दोन, काळी चार, काळी एक, काळी तीन. तुमच्या गायकाचा सा आणि मध्यम दोन्ही मोकळ्या तारांवर, पंचम ए तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. गायिका काळी चारवाली असेल तर तिचाही सा मोकळा. मराठी गाण्यांसाठी मला तरी तारा अशा सुरात लावणंच सोयीचं वाटतं.

प्रतिसाद २

पाच तारांची घ्या, प्रश्नच मिटेल. ई तारेखालच्या जाड बी तारेच्या चौथ्या पडद्यावर तुमचा सा.

प्रतिसाद ३

फ्लॅटबद्दल. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट वापरायचा आणि तुटल्याशिवाय सहसा बदलायचा नाही. तुम्हाला आवडतो तो दबका आवाज त्याच घराण्यातला. वरचे वेढे सपाट पट्टीचे असल्यामुळे घाम साचायला त्यांच्यामध्ये खाचाच जवळपास नसतात. दुप्पट किंमत वर्षानुवर्षांत वसूल होते. शिवाय त्याच जाडीच्या फ्लॅट राउंडपेक्षा बहुधा ताठ असतात, म्हणजे उतरवून वाजवायला सोयीच्याच.

पण तुमची धास्ती खरी आहे. ४० हर्ट्झचा मूळ सूर बऱ्याच स्पीकरमधून नीट बाहेरच पडत नाही. आपला कान त्याच्यावरच्या स्वरांशांवरून (त्याच सुरात मिसळलेल्या वरच्या सुरांवरून) खालचा सूर ओळखतो. राउंडवाउंडमध्ये हे स्वरांश भरपूर, फ्लॅटमध्ये कमी. रोटोसाउंड कंपनीने १९६६ मध्ये द हू बँडचा बेसवादक जॉन एन्टविसलबरोबर बसून राउंडवाउंड घडवल्या त्या याच लखलखाटासाठी. मोठे सबवूफर असलेल्या मैदानावर फ्लॅट झकास. मंडळाच्या दोन स्पीकरच्या खोक्यांवर बेस आहे की नाही हेच कळणार नाही.

कोटिंगवाल्या टिकतात, पण बोटांना किंचित निसरड्या लागतात. घामट हातांना ते जास्त जाणवतं.

फ्लॅट घेतल्यातच तर एक लक्षात ठेवा: कापायची तिथे तार आधी काटकोनात वाकवा, मग पलीकडे कापा. सरळ कापली तर वरची पट्टी सुटते आणि तार वाया. खुंटीपुढे दोन-तीन इंच जास्त सोडायला विसरू नका.

प्रतिसाद ४

ऑनलाइन घेताना जपून. नकली सेट फार आहेत. डॅडारिओच्या पाकिटात एक कोड असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून पाहता येतो. आणि वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने खालूनसुद्धा पुसा. सगळे वरूनच पुसतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच तारांची सुचवणाऱ्या दादांना एवढंच सांगते, की घरात आणखी एक वाद्य आलं तर आई मला वाद्यासकट बाहेर काढेल.

मोकळ्या तारांचं डोक्यातच आलं नव्हतं! लगेच उतरवून पाहिलं. काळी दोनमध्ये सा-म-सा करताना डावा हात जवळजवळ रिकामा राहतो.

आता ठरलंय ते असं: गणपतीत छोट्या खोक्यांवरच वाजवायचं असतं, म्हणून ५०-१०५ च्या निकेल राउंडवाउंड मागवतेय. नवरात्रीचं अजून ठरत नाही. हाफ राउंड म्हणून मधला प्रकार दिसतोय, राउंड वेढे वरून घासून अर्धवट सपाट केलेले. गरब्यात किंवा अशाच लांबलचक कार्यक्रमात कोणी वाजवल्यात का? घामात कितपत टिकतात आणि गर्दीत ऐकू येतात का, एवढंच सांगा.