नुसत्या हातमोज्यांनी भागत नाही

दवाखान्यात वापरलेल्या सुया टोचून रक्तातून आजार होऊ नयेत म्हणून काय करायचं, यावर एकांनी लिहिलंय, हातमोजे घातले की झालं. नाही हो, सुई हातमोज्यातून सहज आरपार जाते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायला गेलं की हमखास टोचते, म्हणून नियम सांगतो: टोपण लावू नका, सुई थेट जाड, भोक न पडणाऱ्या डब्यात टाका. (आता डबाच दोन खोल्या पलीकडे ठेवला असेल तर नियम काय करणार?)

सगळे घाबरतात एचआयव्हीला. पण बाधित रक्ताची सुई टोचल्यावर त्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी (यकृताचा संसर्ग) होण्याची ६ ते ३० टक्के! शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकतो. म्हणजे फक्त नर्स-डॉक्टर नाही, कचरा उचलणारे, चादरी धुणारेही आलेच. अमेरिकेत १९९१ च्या नियमाने अशा कामावरच्यांना ही लस मालकाने फुकट द्यायची असते. हिपॅटायटिस सी ची मात्र लसच नाही.

टोचलीच, तर जखम पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तीही जितकी लवकर तितकी बरी. 'साहेब ओरडतील' म्हणून लोक नेमके तेच तास घालवतात.