मॉर्मन घरांतली समलिंगी मुलं: तुम्ही जवळून काय पाहिलंत?

युटात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, लीहाय-ड्रेपर-सँडी पट्ट्यात, आयटीच्या नोकऱ्यांमुळे मराठी घरं आता बरीच झाली आहेत. इथे राहायचं म्हणजे मॉर्मन, म्हणजे सॉल्ट लेकमध्ये मुख्यालय असलेल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा, शेजार आलाच. (त्यांच्या चर्चने २०१८ पासून हे नाव वापरू नका असं सांगितलंय, पण बोलण्यात अजून तेच आहे, म्हणून मीही तेच ठेवते.) घरात कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांच्याकडून येतो. आणि मग एखाद्या दिवशी तीच शेजारीण अंगणात उभ्याउभ्या सांगते, की धाकटा मिशनवरून (चर्चच्या धर्मप्रसाराच्या सेवेवरून) परत आला आणि म्हणाला, मी गे आहे. पुढे त्या घरात काय होतं ते आपल्यातल्या अनेकांनी पाहिलंय. काही जण त्या घरांत लग्न करून गेले आहेत. ते लिहावं म्हणून हा धागा.

नव्या लोकांसाठी थोडक्यात. टेम्पलमध्ये (रविवारच्या चर्चहून वेगळ्या, खास विधींच्या मंदिरात) झालेलं लग्न मरणानंतरही टिकतं आणि आईवडील-मुलं कायम एकत्र राहतात, ही या धर्माची सगळ्यात मोठी आशा आहे. त्या विधीला सीलिंग म्हणतात. १९९५ च्या कुटुंबविषयक जाहीरनाम्यात लग्न फक्त स्त्री-पुरुषाचं, असं स्पष्ट लिहिलंय. समलिंगी आकर्षण वाटणं हे पाप नाही, तसे संबंध किंवा लग्न मात्र नियमाबाहेर, ही चर्चची आजची भूमिका. दुसरी गोष्ट वॉर्डची, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीची. तुमचा वॉर्ड घराच्या पत्त्यावरून ठरतो, निवडता येत नाही. वॉर्डाच्या प्रमुखाला, बिशपला, पगार नसतो. तो आठवडाभर दंतवैद्य किंवा प्लंबर असतो आणि काही वर्षांनी बदलतो. त्यामुळे एका गल्लीत मुलाला मिठी मिळते आणि रस्ता ओलांडला की गप्प बसायला सांगतात.

नावं, वॉर्ड लिहू नका. त्यांच्या श्रद्धेची चेष्टाही नको.

लीहाय, युटा

आमच्या शेजारी सात मुलांचं घर. भिंतीवर टेम्पलचं चित्र, त्याखाली प्रत्येक मुलाचा मिशनचा फोटो, छातीवर काळी नावाची पट्टी. तिसऱ्याने सांगितलं तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न होता, "बिशपशी बोललास का?" आई काहीच बोलली नाही. नंतर मला म्हणाली, "तो गे आहे हे मी दोन दिवसांत पचवलं असतं गं. मला दिसत होती ती वर गेल्यावरची रिकामी खुर्ची."

ही भीती मला कळायला वेळ लागला. आपल्याकडे मुलगा दुरावला तर या जन्मापुरता. तिच्या हिशोबात तो कायमचा दुरावणार होता.

तिला सावरलं ते दुसऱ्या आयांनी. 'मामा ड्रॅगन्स' म्हणून आयांचा गट आहे, २०१३ च्या सुमारास मॉर्मन आयांनीच सुरू केलेला. तिथे तिला समजलं की आपल्यासारख्या कितीतरी जणी आहेत. मग रविवारच्या जेवणाला मुलाचा मित्र यायला लागला. धाकट्या भावंडांना तिने स्वतः सांगितलं, कुजबुजीतून कळू दिलं नाही.

मी एवढं लांबण लावतेय ते एका दिवसासाठी. मोठ्या मुलीचं लग्न टेम्पलमध्ये होतं. आत जायला बिशपच्या मुलाखतीतून मिळणारं 'रेकमेंड' लागतं. आम्ही मॉर्मन नाही, म्हणून बाहेर बागेत. तोही बाहेर, कारण त्याने रेकमेंड परत केलं होतं. सख्ख्या बहिणीचं लग्न आत आणि हा आमच्याबरोबर. थोड्या वेळाने वडील बागेत आले. मला वाटलं विधी संपला. नव्हता संपला. ते आत गेलेच नव्हते. मुलाच्या शेजारी बसले, कोट काढला आणि त्याला नव्या नोकरीबद्दल विचारायला लागले. ज्यांनी बिशपचं नाव आधी काढलं होतं तेच हे वडील. त्यांचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. अजूनही ते दर रविवारी चर्चला जातात.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

२००८ ची गोष्ट. कॅलिफोर्नियात समलिंगी लग्न बंद करणारं 'प्रपोझिशन ८' मतदानाला होतं आणि चर्चने सदस्यांना वेळ आणि पैसा द्यायचं आवाहन केलं होतं. माझा टीममेट संध्याकाळी घरोघरी फोन करायचा. त्याच्या बहिणीने त्याच उन्हाळ्यात आपल्या जोडीदारणीशी कायदेशीर लग्न केलं होतं. ठराव जिंकला. बहीणभावाचं बोलणं तुटलं, ते वडिलांच्या आजारपणात पुन्हा सुरू झालं. आज दोघं एकमेकांकडे जातात. त्या वर्षाचा विषय कुणी काढत नाही.

सिएटल

मी गे आहे, पुण्याचा. नवरा आयडाहोतल्या मॉर्मन घरात वाढला. आम्ही दोघांनी आपापल्या आईला एकाच वर्षी सांगितलं.

माझी आई म्हणाली, "लोकांना काय सांगू?" त्याची आई म्हणाली, "अनंतकाळात तू कुठे असशील?" तो मला म्हणायचा की तुझ्या आईचा प्रश्न निदान सुटण्यासारखा आहे, लोक विसरतात. त्याचं खरं होतं. माझ्या आईला २०१८ मध्ये ३७७ चा निकाल लागल्यावर टीव्हीवर बघून धीर आला. मावशीला तिने स्वतः फोन केला. सासूबाईंना धीर देणारं वरून काही येत नव्हतं. उलट नोव्हेंबर २०१५ मध्ये चर्चने नियम काढला: समलिंगी लग्न करणारे धर्मत्यागी, आणि त्यांच्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाही. आम्हाला मूल दत्तक घ्यायचं होतं. सासूबाई नातवंडाची वाट बघत होत्या आणि ज्या चर्चमध्ये त्यांनी आयुष्यभर मुलांना गाणी शिकवली, तिथे त्या नातवंडाला जागा नव्हती. त्या दिवसांत सॉल्ट लेकच्या एका बागेत शेकडो लोकांनी रांग लावून सदस्यत्वाचे राजीनामे दिले. सासूबाईंनी दिला नाही. पण रडून झाल्यावर पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "हे माझ्या देवाचं वाटत नाही."

एप्रिल २०१९ मध्ये तो नियम मागे घेतला. साडेतीन वर्षांत. चर्चने जाहीर केलं, की समलिंगी लग्नाला यापुढे धर्मत्याग मानणार नाही, पण गंभीर पाप ते आहेच. सासूबाईंनी फोन करून पहिली ओळ वाचून दाखवली, दुसरी गाळली. मी ती आधीच वाचली होती. बोललो नाही.

आता मुलगी शाळेत जाते. सासूबाई येतात तेव्हा तिला झोपताना प्रार्थना शिकवतात. आमची हरकत नाही. सासरे आमच्या लग्नाला आले नव्हते. त्यांच्याबद्दल लिहायची माझी अजून तयारी नाही.

ओरेम, युटा

मी शाळेत समुपदेशक आहे. मुलांचं काही लिहिणार नाही, पालकांना जे दाखवते ते लिहिते. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फॅमिली ॲक्सेप्टन्स प्रोजेक्ट'ने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरातून सगळ्यात जास्त झिडकारल्या गेलेल्या समलिंगी तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, फारसं न झिडकारल्या गेलेल्यांच्या आठपटीहून जास्त निघालं. २०१२ मध्ये त्यांनी खास मॉर्मन कुटुंबांसाठी पुस्तिका काढली. तिचं मोल असं, की श्रद्धा सोडा असं ती सांगत नाही. मुलाला घराबाहेर काढू नका, त्याचे मित्र तोडू नका, त्याच्यासमोर त्याच्यासारख्यांना नावं ठेवू नका, एवढं सांगते. मत न बदलताही वागणं बदलता येतं, हे समजलं की वडीलमंडळींचे खांदे खाली येतात. मी हे समोर बसून पाहिलंय.

प्रोव्होत 'एन्सर्कल' या एलजीबीटी मुलांना आणि कुटुंबांना आधार देणाऱ्या संस्थेचं घर आहे, २०१७ मध्ये उघडलेलं, टेम्पलपासून अगदी जवळ. मुलं शाळा सुटल्यावर जातात, चित्रं काढतात, समुपदेशकाशी बोलतात. बाहेर गाडीत आई वाट बघत असते. कधी आतही येते.

तरुणांना सगळ्यात जास्त खचवते ती धरसोड. फेब्रुवारी २०२० मध्ये चर्चच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आचारसंहितेतून समलिंगी वर्तनाचा परिच्छेद गेला. मुलांनी आनंदाने एकमेकांचे हात धरले. मार्चमध्ये पत्र आलं, की समलिंगी प्रेमसंबंध अजूनही चालणार नाहीत. त्या काही आठवड्यांत ज्यांनी घरी सांगून टाकलं, त्यांना ते परत घेता येत नव्हतं.

गिल्बर्ट, ॲरिझोना

मी लग्नानंतर बाप्तिस्मा घेतला, मनापासून. मी सदस्य आहे आणि राहणार आहे. वर जे लिहिलंय त्यातलं काहीच खोटं नाही, पण आतूनही थोडं ऐका.

आमच्या वॉर्डात एक मध्यमवयीन गे गृहस्थ आहेत. एकटे राहतात, नियम पाळतात, म्हणून त्यांना रेकमेंड आहे. रविवारच्या शाळेत शिकवतात, आणि त्यांच्यासारखं आमच्यात कुणी शिकवत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे उपास असतो आणि ज्याला वाटेल तो माइकवर येऊन साक्ष देतो. एकदा ते उठले आणि म्हणाले, "तुम्ही माझ्यावर प्रेम करता हे मला माहीत आहे. मी जेवायला घरी जातो तेव्हा घरात कुणी नसतं, हेही तुम्हाला माहीत असावं." त्यानंतर आमच्या घरी रविवारी त्यांचं ताट असतं. पण ताट वाढणं पुरेसं नाही, हे मला कळतं. चर्च जे मागतं ते मी स्वतः दिलं असतं का? नसतं. आणि तरी मी तिथे जाते. हा गुंता मी रोज जगते, सोडवून दाखवता येत नाही.

मेसा, ॲरिझोना

ताट, मिठी, बागेतला बाक. सगळं वाचलं. माझी मैत्रीण तीस वर्षांची असताना बायकोसह वॉर्डात गेली. सगळे गोड बोलले. पण प्रार्थना म्हणायला बोलावलं नाही, कुठलंही काम दिलं नाही. मागच्या बाकावर तिला हवं तितकं हसून स्वागत. तिने सदस्यत्व सोडलं आणि आता ती शांत झोपते. ज्याला माणूस हवा असतो पण त्याचं लग्न नको असतं, त्याला मी स्वीकार म्हणणार नाही.

धागाकर्ती

मेसाच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, आणि गिल्बर्टच्याही. एक उघड माहितीतलं उदाहरण आठवलं. टॉम क्रिस्टॉफरसन हे चर्चच्या एका प्रेषिताचे (सर्वोच्च नेत्यांपैकी एकाचे), डी. टॉड क्रिस्टॉफरसन यांचे गे भाऊ. तरुणपणी त्यांनी स्वतःहून सदस्यत्व सोडलं आणि पुढे जोडीदाराबरोबर अनेक वर्षं संसार केला. त्यांच्या आईने बाकी मुलांना बजावलं होतं, की तुम्ही टॉमशी कसं वागता त्यावरून तुमची पोरं शिकतील, की काहीही झालं तरी ती या घराच्या प्रेमाबाहेर जाणार नाहीत. जोडीदारालाही घरचाच मानलं. पुढे कनेटिकटच्या एका वॉर्डाने दोघांना जसे आहेत तसे येऊ दिलं. टॉम अखेर चर्चमध्ये परतले, पण नातं संपल्यावर. ही गोष्ट काही वॉर्डांत 'बघा, प्रेम केलं की परत येतात' अशी सांगतात. ते मला खटकतं. आईने परत येण्याची अट घातली नव्हती.

सँडी, युटा

सगळं वाचतोय. एक व्यावहारिक प्रश्न. ऑफिसातल्या मॉर्मन सहकाऱ्याने काल सांगितलं, मुलगी लेस्बियन आहे. घरात फक्त त्याला माहीत आहे. बिशपला सांगू का, असं मला विचारत होता. मी काय बोलू?

ओरेम, युटा

त्याला म्हणा, आधी मुलीला विचार. कुणाला, कधी सांगायचं ते तिने ठरवायचं, बिशपलाही, आजीलाही. तिने सांगितलं त्या दिवशी तो काय म्हणाला, तेही विचारा. गप्प राहिला असेल तर आज रात्रीच तिच्या खोलीत जाऊन म्हणू दे, की तू सांगितलंस ते बरं केलंस. पुस्तिका हवी असेल तर मला निरोप करा, मी पाठवते.