जुनी मोठी गाडी घेताना काय बघितलंत आणि काय बघायचं राहिलं?

मधली_सीट:
काल खेड शिवापूरच्या टोलला लाईनीत उभे होतो आणि पुढे आमचीच जुनी गाडी! नंबर तोच, मागच्या काचेवर लेकीने चिकटवलेलं फुलपाखरूही अर्धं शिल्लक. ह्यांनी प्रेमाने हॉर्न मारला तर पुढच्याने हात बाहेर काढून काहीतरी सुनावलं. मग सगळं आठवलं. २०१४ ला घेतली होती, काळी, सात सीटर, सेकंड ओनर, गावाला सगळे एकाच गाडीत जाऊ म्हणून. आम्ही बघितलं काय तर रंग, लेदरच्या सीटा आणि टेप. सासरे तेवढे बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "आत्ताच फिरवून आणलीस का रे?" विकणारा मुलगा म्हणाला, हो काका, धुवून आणली तुमच्यासाठी. आम्हाला वाटलं किती चांगला मुलगा! पहिल्याच थंडीत रोज सकाळी दहा-दहा मिनिटं सेल मारायचा आणि सुरू झाली की अख्ख्या सोसायटीत पांढरा धूर. चारही इंजेक्टर गेलेले. त्या पैशात माझी मोत्याची कुडी आली असती, ते जाऊ दे. आता भाऊ २०१२-१३ ची फॉर्च्युनर शोधतोय म्हणून विचारतेय, लिहा पटापट.

ऑईलचा_डाग:
थंड इंजिनच बघायचं, ताई, आधी गरम करून ठेवलं की असले दोष लपतात. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. सुरू झाल्यावर ऑईल भरायचं झाकण काढून बघायला सांगा. थोडी वाफ चालते पण भकाभका धूर येऊन झाकण थडथडत असेल तर कॉम्प्रेशन खाली येतंय, रिंग-पिस्टनचं काम निघणार, चहा पिऊन घरी या. आणि ती तीन लिटरवाली असेल तर तिला टायमिंग बेल्ट (इंजिनातला पट्टा) आहे, दीड लाख किमीला बदलायचा असतो, बिल दाखव म्हणायचं. बिल नाही म्हणजे बदललेला नाही असं धरूनच भाव करायचा. २०१६ नंतरच्या २.८ लिटरवालीला बेल्टऐवजी चेन आहे.

वाशिष्ठीकाठ:
पूर!! कोणी लिहिलंच नाही अजून. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला आमच्या गल्लीत गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या, नंतर ट्रकवर घालून नेल्या. सगळ्या काही भंगारात गेल्या नसणार ना, कुठेतरी पॉलिश होऊन उभ्या असतील. मॅटच्या खाली हात घाला, स्टेपनीच्या खड्ड्यात बघा, सीटच्या रेलना गंज आहे का बघा, आणि सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, ती कोणी धुवत नाही. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर मी दारच लावून घेतो.

निवांत_नाशिक:
आमच्या ह्यांनी पण शेवटपर्यंत ओढला. परत आत गेलाच नाही 😂 मालक गप्प, हे गप्प, मी बाहेर येऊन हसतेय

पासिंग_पीडित:
दिल्ली पासिंग स्वस्त मिळते म्हणून कोणी नाचू नका. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेलची कटकट म्हणून गाड्या इकडे येतात, दोन लाख वाचले म्हणून मीही आणली. मग तिकडची एनओसी, इथला टॅक्स परत भरा, बारा महिन्यांच्या वर इथे राहणार तर नवीन नंबर घ्यायलाच लागतो. एजंट आठ महिने "साहेब पुढच्या सोमवारी". त्यात आरसीवर बँकेचा बोजा तसाच! बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

भजीप्रेमी:
खेड शिवापूरला टोलच्या अलीकडे ती भजीची टपरी आहे का अजून

मधली_सीट:
@भजीप्रेमी नाही दिसली हो. आम्ही फुलपाखरूच बघत होतो.

बर्फातला_कोल्हापूरकर:
शिकागोहून. इकडे २०१७ ची शेवरले सबर्बन घेतली, आईबाबा सहा महिने असतात, पोरं तीन, आणि तिसरी सीट उभी ठेवूनही मागे बॅगा मावतात. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे वरून नवरी आणि खालून फ्रेम सडलेली. मी टॉर्च घेऊन खाली झोपलो, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितलं. खाली ताजा काळा रंग मारलेला असेल तर आणखी जोरात टोचायचं. मागे हूक असेल तर काय ओढत होतात ते विचारा, मोटरबोट ओढून ओढून गिअरबॉक्सची वाट लागते. व्हीआयएन (चॅसी नंबर) टाकून सरकारी साईटवर रिकॉल, म्हणजे कंपनीने दोषासाठी गाडी परत बोलावली आहे का, ते फुकट बघता येतं. बाबा मात्र म्हणाले, केवढी ही एसटी!

दोन_नंबर_गिअर:
बीएस६ डिझेल (एप्रिल २०२० नंतरची) बघणाऱ्यांनी कमी रनिंगला भुलू नका. "डॉक्टरांची गाडी, फक्त घर ते दवाखाना" हे ऐकलं की मी सावध होतो. रोज चार किमी चालवली तर डीपीएफमधली (धुराच्या फिल्टरमधली) काजळी जळतच नाही, चोंदतो तो, आणि खर्च विचारू नका. त्यापेक्षा हायवेवर ८० हजार पळालेली बरी. मीटर ४० हजार दाखवतंय आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, असं असेल तर हसून निरोप घ्यायचा. टायरवरचे चार आकडे पण वाचा, ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा.

आजीचा_नातू:
मागच्या सीटवर स्वतः बसून अर्धा तास फिरा. आम्ही सगळे पुढे बसून एसी एकदम भारी म्हणालो, मागे आजी घामाने निथळतेय, मागचा ब्लोअरच बंद. फोर बाय फोर असेल तर मातीत नेऊन ४एल (चढ-चिखलासाठीचा लो गिअर) टाकून बघा, लोक वर्षानुवर्षं हात लावत नाहीत आणि मग पडतच नाही.

मधली_सीट:
सगळं भावाला पाठवलं. त्याने लगेच एकाला फोन केला, उद्या सकाळी सातला येतो, गाडी सुरू करू नका म्हणाला. तर तो म्हणतो, "साडेसातला या ना दादा, तोपर्यंत जरा गरम करून ठेवतो."

ऑईलचा_डाग:
साडेसहाला जायला सांगा 😂