मदत हवी आहे: टेन हागची हकालपट्टी, दोष कोचचा की संघाचा? आकडे कसे मांडू?

पंचवटी_लेफ्टबॅक:
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी संध्याकाळी कॉलेज रोडला आमच्या गटाची चर्चा ठरली आहे. विषय असा: २८ ऑक्टोबर २०२४ ला मँचेस्टर युनायटेडने एरिक टेन हागला काढलं, ते योग्य होतं का? मला ‘दोष संघाचा जास्त’ ही बाजू मिळाली आहे आणि मला ती मनापासून पटतेही. वेळ आठ मिनिटं.

समोरची बाजू दोनच आकडे आपटणार हे नक्की: ९ सामन्यांत ११ गुण आणि प्रीमियर लीगच्या टेबलात १४वा क्रमांक. त्यावर ‘नऊ सामने म्हणजे काहीच नाही’ एवढंच म्हणून भागणार नाही. या नऊ सामन्यांची रास्त तुलना कशाशी करायची? कोचचा दोष आणि खेळाडूंचा दोष वेगळा कसा काढायचा? आणि दुखापती मोजायच्या कशा? ‘खूप जण जखमी होते’ म्हटलं की लोक हसतात. कृपया नेमकं सांगा.

सिडको_स्टॉपर:
टेबलातला क्रमांक बाजूला ठेवा. ऑक्टोबरमध्ये कुणी सोप्या संघांशी खेळून झालेलं असतं, कुणी अवघड. तुलना ‘त्याच सामन्यां’शी करायची. कागदावर नऊ ओळी आखा: फुलहॅम घरी, ब्रायटन बाहेर, लिव्हरपूल घरी, साउथहॅम्प्टन बाहेर, क्रिस्टल पॅलेस बाहेर, टॉटनहॅम घरी, अ‍ॅस्टन व्हिला बाहेर, ब्रेंटफर्ड घरी, वेस्ट हॅम बाहेर. पुढे तीन रकाने: २०२२-२३, २०२३-२४, २०२४-२५. घर आणि बाहेर यांत गफलत नको, सगळा हिशेब तिथेच बिघडतो.

साउथहॅम्प्टन २०२३-२४ मध्ये खालच्या लीगमध्ये होता. अशा वेळी वर आलेल्या संघाच्या जागी खाली गेलेला संघ धरतात: खालच्या लीगच्या विजेत्याच्या जागी १८वा, उपविजेत्याच्या जागी १९वा, प्लेऑफ जिंकणाऱ्याच्या जागी २०वा. साउथहॅम्प्टन प्लेऑफमधून आला, म्हणून त्या रकान्यात शेफील्ड युनायटेड बाहेर.

२०२२-२३ चा रकाना भरून देतो (आधी युनायटेडचे गोल): २-१, ०-१, २-१, १-०, १-१, २-०, १-३, १-०, ०-१. गुण १६, गोल केले १०, खाल्ले ८. शेवटचा रकाना: १-०, १-२, ०-३, ३-०, ०-०, ०-३, ०-०, २-१, १-२. गुण ११, केले ८, खाल्ले ११. मधला तुम्ही भरा, म्हणजे आकडे तोंडात बसतील.

गंगापूररोड_दहानंबर:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. गोल होणं आणि गोलची संधी तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संधी तयार होते ती बहुतांश आखणीतून, म्हणजे कोचच्या कामातून. ती जाळ्यात जाते खेळाडूच्या पायातून. म्हणून एक्सजी बघा, म्हणजे मिळालेल्या संधींच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते तो अंदाज. अंडरस्टॅट या आकडेवारीच्या संकेतस्थळावर प्रीमियर लीगच्या पानावर तारखांचा फिल्टर आहे. १६ ऑगस्ट ते २७ ऑक्टोबर २०२४ लावा. मग चार रकाने उतरवा: गोल, एक्सजी, पेनल्टी वगळून एक्सजी आणि पीपीडीए. पेनल्टी वगळायची कारण एकट्या पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या आसपास धरलेली असते. एखाद-दुसरी पेनल्टी नऊ सामन्यांचं चित्र फिरवते. पीपीडीए म्हणजे समोरच्याला त्याच्या अर्ध्यात किती पास देऊन मग आपण अडवतो. आकडा जितका लहान तितका दबाव जास्त.

सापळा इथे आहे: टॉटनहॅमच्या सामन्यात ब्रुनो फर्नांडिसला पहिल्याच अर्ध्यात, ४२व्या मिनिटाला रेड कार्ड दाखवलं गेलं. ते नंतर अपिलात रद्द झालं, पण सामना दहा जणांनीच संपवला. तो सामना धरून सरासरी काढली तर एक्सजी आणि पीपीडीए दोन्ही बिघडतात. बेरीज दोनदा करा, एकदा त्याच्यासकट आणि एकदा त्याच्याशिवाय. दोन्ही सांगा. लपवलं तर समोरचा काढणारच.

उदाहरण म्हणून वेस्ट हॅमचा सामना घ्या. पहिल्या अर्ध्यात संधींवर संधी आल्या, दालोने गोलकीपरला चकवलं आणि मोकळ्या जाळ्यावरून चेंडू उडवला. शेवटी व्हीएआरने (व्हिडिओ पंचाने) दिलेल्या पेनल्टीवर बोवेनने गोल केला आणि दुसऱ्या दिवशी टेन हाग गेले. तो फटका काही कोचने मारलेला नव्हता.

इंदिरानगर_मिडफील्ड:
मी समोरच्या बाजूचा, तरी मदत करतो, कारण कच्चा युक्तिवाद ऐकवत नाही. ‘संघ कमकुवत होता’ म्हणाल, तर तो बांधला कुणी? अँटनी, लिसांद्रो मार्टिनेझ, ओनाना, डी लिख्ट, माझरावी हे पाचही जण आयाक्स या डच क्लबमध्ये टेन हागच्या हाताखाली खेळलेले. अँटनीसाठी सुमारे साडेनऊ कोटी युरो मोजले आणि २०२४ च्या शरदात तो बहुतेक वेळ बाकावर. द्राक्षबागेत घड काडीत तयार होतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो फक्त बाहेर दिसतो. त्यांनी तीन उन्हाळे छाटणी केली, मग ऑक्टोबरच्या पिकाला दुसऱ्याला जबाबदार कसं धरायचं?

आणि गोल बघा. २०२२-२३ मध्ये केले ५८, खाल्ले ४३, गुण ७५. २०२३-२४ मध्ये केले ५७, खाल्ले ५८, गुण ६०. म्हणजे आघाडीची फळी होती तिथेच राहिली, मागे भगदाड पडलं. चॅम्पियन्स लीगच्या गटात सहा सामन्यांत १५ गोल खाल्ले आणि शेवटचा क्रमांक आला. पुढचे तिघं दाबायला वर जातात, बचाव मागे थांबतो आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात एकटा कासेमिरो धावतो. ही आखणीची चूक आहे, पायांची नाही. याला उत्तर तयार ठेवा.

पंचवटी_लेफ्टबॅक:
फार आभार. उत्तर म्हणून नंतरचा काळ वापरला तर चालेल का? नवे कोच अमोरिम आले तरी हंगाम १५व्या क्रमांकावर आणि ४२ गुणांवर संपला. कोच बदलूनही तेच, म्हणजे दोष संघाचाच ना?

सिडको_स्टॉपर:
वापरा, पण पूर्ण उलगडून. ४२ मधले ११ टेन हागचे, ४ मधल्या काळातले हंगामी कोच व्हान निस्टलरॉय यांच्या दोन लीग सामन्यांतले (चेल्सीशी १-१, लेस्टरवर ३-०). उरलेले २७ गुण अमोरिमच्या २७ सामन्यांतले, म्हणजे सामन्याला बरोबर एक. टेन हागचे सामन्याला १.२२. गोल मात्र ०.८९ वरून १.१९ वर गेले आणि खाल्लेले १.२२ वरून १.५६ वर. ‘तेच’ राहिलं नाही. पुढे थोडं सुधारलं, मागे जास्त बिघडलं.

शिवाय हा स्वच्छ प्रयोग नव्हे. अमोरिमनी मध्य हंगामात ३-४-३ (तीन बचावात, चार मधे, तीन पुढे) आणलं. त्याला दोन्ही बाजूंनी धावणारे विंग-बॅक लागतात, डावीकडे तसा माणूसच नव्हता. दोर्गू इटलीतल्या लेच्चे क्लबहून आला तो हिवाळी ट्रान्सफरमध्ये. संघ नव्या आखणीला जुळत नव्हता एवढं यातून सिद्ध होतं. संघ मुळातच वाईट होता, असं नाही.

गंगापूररोड_दहानंबर:
दुखापतींचं: ट्रान्सफरमार्क्ट या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूच्या पानावर दुखापतींचा इतिहास असतो, तारखांसकट आणि हुकलेल्या सामन्यांसकट. एकूण दिवसांची बेरीज करू नका, त्यातून काहीच कळत नाही. बदली माणूस होता की नव्हता, हे जागेनुसार बघा. सगळ्यात बोलकी जागा लेफ्ट-बॅकची, म्हणजे डाव्या कडेच्या बचावपटूची, तुमच्या नावाला शोभेल अशी. मलासिया २०२३-२४ चा अख्खा हंगाम बाहेर, शॉ फेब्रुवारी २०२४ पासून क्लबसाठी खेळला नाही आणि या नऊ सामन्यांत दोघंही उपलब्ध नव्हते. म्हणून उजव्या पायाचा दालो डावीकडे. असा माणूस चेंडू घेतला की आत वळतो, बाहेरच्या कडेने धावत नाही. मग डावा विंगर एकटा पडतो आणि समोरचा बचाव आत गोळा होऊन बसतो. योरो तर हंगामाआधीच्या आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात पाय मोडून घेऊन डिसेंबरपर्यंत गेला. ‘खूप जण जखमी’ म्हणण्यापेक्षा ही एक जागा दोन मिनिटं नीट समजावा. कुणी हसणार नाही.

पंचवटी_लेफ्टबॅक:
मधला रकाना भरला: १-२, २-०, २-२, २-१, ०-४, २-२, २-१, १-१, ०-२. गुण १२. म्हणजे १६, १२, ११. शेवटच्या वर्षी फक्त एक गुण घसरला! हाच माझा मुख्य मुद्दा करतो.

इंदिरानगर_मिडफील्ड:
थांबा भाऊ, ब्रेंटफर्ड चुकला. १-१ हा बाहेरचा निकाल. घरचा सामना २-१, मॅकटॉमिनेने शेवटी शेवटी दोन मारले तोच. गुण १४ होतात. घसरण १६, १४, ११ अशी. एका गुणाचा मुद्दा सोडून द्या, मीच रविवारी उठून पकडला असता. पण त्याच रकान्यात गोलांची बेरीज करा: केलेले १३ वरून ८, खाल्लेले १५ वरून ११. बचाव सुधारत होता आणि आघाडी चुकत होती, हे मला खोडता येत नाही. तिथून सुरुवात करा.