मदत हवी आहे : वापरातल्या बल्क कॅरिअरचा झेंडा बदलायचा आहे, कागदांचा क्रम कसा लावायचा?

धागाकर्ता : गलबत

जहाज बल्क कॅरिअर (सुटा माल नेणारं), ५६,००० टन डेडवेट (वाहून नेता येणारं वजन), ग्रॉस टनेज (आतल्या आकारमानाचं माप) ३२,००० च्या आसपास, वय १४ वर्षं. विक्रीचा करार नॉर्वेजियन सेलफॉर्म २०१२ या ठरीव नमुन्यावर झालाय, ताबा दोन महिन्यांनी एका बंदरात. सध्या झेंडा माल्टाचा, म्हणजे नोंदणी तिथल्या रजिस्टरमध्ये. नवा मालक लायबेरिया, मार्शल आयलंड्स किंवा पनामा यांपैकी एक निवडणार. खरेदीला बँकेचं कर्ज आहे.

१. तिघांच्या फीचे तक्ते वाचले, पण खरा फरक कशात आहे ते त्यातून कळत नाही.
२. जुन्या रजिस्टरमधून नाव निघाल्याशिवाय नवं रजिस्टर घेत नाही, आणि विक्री झाल्याशिवाय जुनं रजिस्टर नाव काढत नाही. मग मधल्या तासांत जहाज कुठल्या देशाचं?
३. ताब्याच्या दिवशी जहाजावर काय काय तयार हवं?

---

तांडेल

दुसरा प्रश्न आधी, कारण गाडी अडते ती तिथेच.

मधले तास ठेवायचेच नाहीत. तिन्ही रजिस्टर आधी तात्पुरती नोंदणी देतात, कायमची नंतर. पनामाचं तात्पुरतं पेटंट, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, सहा महिन्यांचं असतं. ताब्याच्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक एका खोलीत किंवा एका कॉलवर बसतात. विक्रेत्याच्या बँकेचा मॉर्गेज (जहाजावरचं तारण) सुटल्याचा कागद, नोटरी आणि अपॉस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) झालेलं बिल ऑफ सेल (विक्रीखत), आणि जहाजावर कसलाही बोजा नाही असं दाखवणारा माल्टा रजिस्टरचा त्याच दिवसाचा उतारा, हे सगळं टेबलावर आलं की पैसे सुटतात. मग ताबा दिल्या-घेतल्याच्या प्रोटोकॉलवर सही होते, तिथे तारीख आणि वेळ मिनिटांसकट लिहितात. लगेच नवं रजिस्टर तात्पुरतं प्रमाणपत्र देतं आणि त्याच बैठकीत नव्या बँकेचा मॉर्गेज नोंदवतं. कर्जदारांचा अग्रक्रम नोंदणीच्या वेळेवर ठरतो, म्हणून बँकेचा वकील घड्याळाकडे डोळे लावून बसलेला असतो.

माल्टाचं डिलिशन सर्टिफिकेट, म्हणजे नाव काढल्याचा दाखला, त्याच वेळी हातात असेल तर उत्तम. नसेल तर ठरलेल्या मुदतीत देण्याची विक्रेत्याची लेखी हमी चालते का, ते नव्या रजिस्टरला आधी विचारून ठेवा. ते आल्याशिवाय कायमची नोंदणी होत नाही. यात ढिलाई नको. १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम ९२ सांगतं की जहाजाने एकाच देशाच्या झेंड्याखाली चालायचं, आणि सोयीप्रमाणे दोन झेंडे वापरणारं जहाज कुठल्याच देशाचं नाही असं धरता येतं. नुसत्या विसराळूपणाने कुणी जहाज जप्त करणार नाही, पण विमा कंपनीला हात वर करायला एवढंही पुरतं.

कागद परत येतात ते फालतू कारणांनी. बिल ऑफ सेलवर टनेज एक, टनेज सर्टिफिकेटवर दुसरं. कंपनीच्या नावात 'लिमिटेड' पूर्ण की आखूड. जुनं रजिस्टर ब्रिटिश पद्धतीचं असेल तर तिथे मालकी ६४ हिश्शांत मोजतात, आणि मसुदा लिहिणारा '१०० टक्के' लिहून मोकळा होतो. मसुदा दोन्ही रजिस्टरना निदान दोन आठवडे आधी पाठवून तोंडी नाही, लेखी होकार घ्या.

---

दीपस्तंभ

पहिल्या प्रश्नाबद्दल. फीच्या तक्त्यावरून झेंडा निवडणं म्हणजे लग्नात मांडवाच्या भाड्यावरून मुलगी निवडणं. सुरुवातीची फी आणि निव्वळ टनेजवर दरवर्षी बसणारा कर, दोन्ही जहाजाच्या रोजच्या खर्चापुढे किरकोळ. विचारायचं ते बँकेला, पी अँड आय क्लबला (मालकाच्या भरपाईच्या जबाबदारीचा विमा देणाऱ्या संस्थेला) आणि जहाज भाड्याने घेणाऱ्याला. तिघांनाही चालणारी नावं मांडली की यादी आपोआप आखडते.

मालकीचे नियम मात्र वेगळे आहेत. पनामात कुठल्याही देशाची व्यक्ती किंवा कंपनी मालक होऊ शकते, फक्त तिथला वकील स्थानिक प्रतिनिधी म्हणून नेमावा लागतो. लायबेरिया आणि मार्शल आयलंड्समध्ये तिथली कंपनी काढायची, नाहीतर परदेशी कंपनीची 'परदेशी सागरी संस्था' म्हणून नोंद करायची. या नोंदीचं काम आधीच उरका, ताब्याच्या आठवड्यात ती धावपळ नको. या दोन्ही रजिस्टरांचा कारभार अमेरिकेत व्हर्जिनियातून चालतो आणि मॉर्गेजचा कायदाही अमेरिकन वळणाचा आहे. बँकांना ही दोन नावं जवळची वाटतात त्याचं हे एक कारण.

दुसरं, पॅरिस आणि टोकियो एमओयू, म्हणजे बंदरांत परदेशी जहाजं तपासणाऱ्या देशांचे करार, यांच्या याद्या बघा. पांढरी, करडी, काळी. गेल्या तीन वर्षांतल्या तपासण्या आणि अडकवणुकीवरून झेंड्याची जागा दरवर्षी ठरते. जहाज कितीही धडधाकट असलं तरी झेंडा काळ्या यादीत असेल तर बंदरात जास्त वेळा तपासणी होणार. आदल्या वर्षीची यादी धरून बसू नका, ताजी काढा.

वयाचंही विचारा. १४ वर्षं म्हणजे जहाज १५ च्या उंबरठ्यावर आहे, आणि बऱ्याच रजिस्टरांत तिथून नोंदणीआधीची तपासणी आणि जादा अटी लागतात.

आणि आयटीएफच्या (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) 'सोयीच्या झेंड्यां'च्या, म्हणजे परदेशी मालकांची जहाजं घेणाऱ्या झेंड्यांच्या, यादीचा बाऊ नको. तुमचे तिन्ही पर्याय तिच्यात आहेतच, पण माल्टाही आहे. खलाशांचा करार आयटीएफमान्य आहे का, हा वेगळा प्रश्न. तो नसेल तर काही बंदरांत गोदी कामगार खोळंबा करू शकतात.

---

गलबत

दोघांचेही आभार. बँकेने लायबेरिया सुचवलं आहे, तेच धरून चालतो. तिसऱ्या प्रश्नावर कुणी लिहील का?

---

रेडिओरूम

माझा भाग सांगतो, कारण तो सगळे शेवटी आठवतात.

झेंडा बदलला की कॉल साइन (रेडिओवरचं जहाजाचं सांकेतिक नाव) आणि एमएमएसआय (रेडिओ यंत्रांतला जहाजाचा ओळख क्रमांक) दोन्ही बदलतात. एमएमएसआयचे पहिले तीन आकडे देशाचे. माल्टाच्या जहाजाचा २४८ ने सुरू होत असेल तर लायबेरियात तो ६३६ किंवा ६३७ ने होईल. आता हा नंबर कुठे कुठे बसवलेला असतो ते मोजा : एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा प्रसारित करणारं यंत्र), व्हीएचएफ डीएससी आणि एमएफ-एचएफ डीएससी (जवळचे आणि लांबचे रेडिओ, संकटाचा डिजिटल संदेश देणारे), एपिर्ब (बुडताना सुटणारा संकट बीकन). यातले बरेचसे पासवर्डखाली असतात. कॅप्टनला बदलता येत नाहीत, कंपनीचा मान्यताप्राप्त तंत्रज्ञ जहाजावर लागतो. इनमारसॅट-सी या उपग्रह संदेशयंत्राचा टर्मिनल नंबरही ४ आणि पुढे देशाचे तीन आकडे असा बनतो, म्हणजे तोही नवा घ्यायचा आणि टर्मिनल नव्याने चालू करायचं. त्याच टर्मिनलवर एलआरआयटी (झेंड्याच्या देशाला जहाजाची जागा दुरून कळवणारी यंत्रणा) असेल तर नवा कॉन्फॉर्मन्स टेस्ट रिपोर्ट, म्हणजे चाचणीचा दाखला, काढावा लागतो.

एपिर्बकडे जास्त लक्ष. आत कोरलेली १५ अक्षरांची ओळख बदलून नव्या देशाच्या डेटाबेसमध्ये नोंद करायची. हे राहिलं आणि बुडताना बीकन सुटला, तर बचाव केंद्राचा फोन जुन्या मालकाच्या ऑफिसात वाजेल. एसएसएएसचंही, म्हणजे हल्ला झाल्यास गुपचूप दाबायच्या अलार्मचंही, तेच. अलार्मचा संदेश नव्या झेंड्याच्या प्रशासनाकडे आणि नव्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे जातो का, हे बटण दाबून बघा, पण आधी तिकडे कळवून. न कळवता दाबलं तर गोंधळ तुमच्याच नावावर.

रेडिओ लायसन्सचा अर्ज तीन-चार आठवडे आधी करा. नवा नंबर हातात असल्याशिवाय तंत्रज्ञ जहाजावर बोलावून उपयोग नाही, तो नुसता चहा पिऊन परत जातो.

---

तांडेल

रेडिओशिवाय उरलेलं :

क्लासचा, म्हणजे जहाजाची तांत्रिक तपासणी करणाऱ्या वर्गीकरण संस्थेचा, सर्व्हेअर ताब्याच्या दिवशी हजर हवा. लोड लाइन (किती भरायचं त्याची मर्यादा), सेफ्टी, मार्पोल (प्रदूषण रोखण्याचा करार), टनेज अशी सगळी वैधानिक प्रमाणपत्रं नव्या झेंड्याच्या नावाने पुन्हा निघतात, आणि ती झेंड्याच्या वतीने क्लासच देतो. क्लासच्या अटी मुदत उलटून पडल्या असतील तर नवा झेंडा आधी त्याच विचारेल. माल्टाने दिलेल्या सवलती माल्टाबरोबरच संपतात, हेही ध्यानात ठेवा. बॅलास्टपासून रेडिओपर्यंत कुठली सवलत चालू आहे याची यादी विक्रेत्याकडून मागवा.

व्यवस्थापन कंपनीकडे लायबेरियासाठी आणि बल्क कॅरिअर या प्रकारासाठी डॉक्युमेंट ऑफ कम्प्लायन्स (कंपनीच्या सुरक्षित व्यवस्थापनाचा दाखला) नसेल तर तात्पुरतं १२ महिन्यांचं मिळतं. जहाजाचं तात्पुरतं सेफ्टी मॅनेजमेंट प्रमाणपत्र सहा महिन्यांचं, हल्ल्यांपासूनच्या सुरक्षेचं आणि खलाशांच्या सोयींचं, म्हणजे एमएलसी या सागरी कामगार कराराचं, तेही सहा-सहा महिन्यांचं. एमएलसीच्या घोषणापत्राचा पहिला भाग झेंडा देतो, दुसरा मालकाने भरायचा. काम पुढे सरकत नाही ते या दुसऱ्या भागापायी.

पी अँड आयची ब्लू कार्डं, म्हणजे विमा असल्याचे पुरावे : बंकर तेल, म्हणजे जहाजाचं इंधन सांडणं (१,००० ग्रॉस टनेजवर), बुडालेलं जहाज काढणं (३०० आणि पुढे), आणि एमएलसीची खलाशी परत पाठवण्याची व नुकसानभरपाईची दोन. पहिल्या दोन कार्डांवरून झेंडा सरकारी प्रमाणपत्र काढतो. एमएलसीची प्रमाणपत्रं खलाशांना दिसतील अशी लावायची.

अधिकाऱ्यांच्या सर्टिफिकेटांना लायबेरियाचं एंडॉर्समेंट (मान्यतेचा कागद) लागतं. अर्ज केल्याचा पुरावा तीन महिने चालतो, पण तो त्या दिवशी प्रत्येकाच्या फायलीत हवा. आणि कंटिन्युअस सिनॉप्सिस रेकॉर्ड, म्हणजे जहाजाच्या झेंड्यांची आणि मालकांची सलग नोंद : जुनी सगळी पानं जहाजावरच राहतात, नव्या झेंड्याचं पान पुढच्या क्रमांकाचं येतं. विक्रेत्याचा कॅप्टन ती फाइल घेऊन उतरला तर परत मिळवताना दमछाक होते. प्रोटोकॉलवर सही करायच्या आधी फाइल डोळ्यांनी बघा.

---

गलबत

एका एजंटाचा मेल आलाय. दोन दिवसांत नोंदणी, क्लासचा कागद लागणार नाही, फी लायबेरियाच्या निम्मी. देशाचं नाव मी कधी जहाजाच्या मागे लिहिलेलं पाहिलेलं नाही.

---

दीपस्तंभ

हात लावू नका. ज्या देशाच्या सरकारला पत्ताच नाही अशा नावाने चालणारी खोटी रजिस्टरं आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या जीआयएसआयएस संकेतस्थळावर मोफत खातं काढून जहाजाचा आयएमओ क्रमांक टाकला की अशा जहाजांपुढे झेंडा खोटा असल्याची नोंद दिसते. मालकाला काही माहीत नसलं तरी विमा गेला, मॉर्गेज गेला आणि जहाज बिनझेंड्याचं ठरलं. देश भूवेष्टित आहे म्हणून मात्र नाकारू नका, समुद्र नसलेल्या देशांनाही झेंड्याचा हक्क आहे. फक्त त्या देशाच्या सागरी खात्याकडून थेट खात्री करा, एजंटाने दिलेल्या फोन नंबरवर नाही.

---

गलबत

स्पष्ट झालं. शेवटचं, जहाजाच्या मागे लिहिलेलं नोंदणीच्या बंदराचं नाव, माल्टाचं 'व्हॅलेटा', कधी पुसायचं?

---

तांडेल

लायबेरियाचं 'मन्रोव्हिया' आधीच वेल्डिंगने आखून ठेवा, रंग तात्पुरतं प्रमाणपत्र ईमेलवर दिसल्यावरच. आयएमओ क्रमांकाला ब्रश लावायचा नाही, तो जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. आणि लाइफबोटी, लाइफबॉय यांवरही बंदराचं नाव असतं. मागचं नाव नवं आणि ब्रिजवरच्या (जहाज चालवायच्या कक्षाजवळच्या) लाइफबॉयवर 'व्हॅलेटा', हे तपासनिसाला गँगवेवरूनच, म्हणजे चढायच्या शिडीवरूनच, दिसतं, आणि मग तो बाकीच्या फायलीही सावकाश उघडतो.