'एकच डबा' यांच्या पोस्टला सविस्तर उत्तर : खाऱ्या पाण्यातल्या छोट्या माशांना खायला काय घालायचं?

खारंपाणी

काल 'एकच डबा' यांनी लिहिलं, "खाऱ्या पाण्यातल्या छोट्या माशांना एक चांगलं पेलेट आयुष्यभर पुरतं. मायसिस, नोरी, कोपेपॉड हे हौशी लोकांचे चोचले आणि दुकानदारांचं चांगभलं." (पेलेट म्हणजे डब्यातलं तयार गोळीखाद्य, मायसिस हा कोळंबीसारखा चिमुकला जीव, कोपेपॉड त्याहून बारीक, आणि नोरी म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ.) खाली 'अगदी खरं', 'मनातलं बोललात' वगैरेंची रांग. तिथेच दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण बसवेना.

मुळात 'छोटे मासे' अशी काही एक जात नाही हो. ओसेलारिस क्लाउन प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, खातो, शेवाळही खातो, त्याचं फारसं अडत नाही. क्रोमिस आणि फायरफिश पाण्यात उभे राहून वाहत आलेलं टिपतात, दिवसभर, थोडं थोडं. लॉनमोअर ब्लेनी दगडावरचं शेवाळ खरवडतो. मँडरिन तर कोपेपॉड एकेक करून वेचत फिरतो, त्याच्या समोरून पेलेट गेलं तरी त्याला ते अन्न वाटत नाही. या सगळ्यांच्या पुढ्यात एकच डबा?

दुसरं म्हणजे डीएचए आणि ईपीए. ही लांब साखळीची ओमेगा-३ स्निग्धाम्लं समुद्री माशांना खाण्यातूनच मिळावी लागतात. गोड्या पाण्यातले बरेच मासे ती थोडीफार स्वतः तयार करतात, यांना ते जवळपास जमत नाही. म्हणून गप्पीचे फ्लेक्स आणि ब्लडवर्म खाऱ्या टाकीत रोज घालू नका. ब्लडवर्म ही गोड्या पाण्यातल्या चिलटाची अळी. मासा मिटक्या मारत खाईल, पण त्याच्या कामाचं त्यात फार नाही. आणि विविधता म्हणजे सोमवारी फ्लेक्स, मंगळवारी ब्लडवर्म, बुधवारी ब्राइन श्रिंप नावाची चिमुकली कोळंबी, असंही नव्हे. पूर्ण वाढलेलं ब्राइन श्रिंप म्हणजे बहुतेक पाणीच, ते आधी काही पौष्टिक खायला घालून मगच द्यायचं असतं.

तिसरं, डब्यामागची यादी वाचा. पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं असेल तर तो डबा कुणासाठी बनवलाय ते समजून घ्या. आणि तो डबा आपण ठेवतो कुठे? टाकीच्या झाकणावर, दिव्याच्या उबेला, जुलैच्या दमट हवेत. महिन्याभराने उघडून वास घ्या. खवट तेलाचा वास आला तर त्यातल्या जीवनसत्त्वांबद्दल मला सांगू नका.

माझ्याकडे सकाळी पेलेट, संध्याकाळी फ्रोझन मायसिस, मधूनमधून बिनमसाल्याची नोरी चिमट्याला लावून. पेलेटशी माझं वैर नाही. 'एकच'शी आहे.

एकच डबा

एवढं लिहिलंत, पण तुमचा सकाळचा खुराक पेलेटच निघाला. धन्यवाद.

माझी क्लाउनची जोडी वर्षानुवर्षं एकाच पेलेटवर आहे आणि दर दोन-तीन आठवड्यांनी अंडी घालते. कुपोषित जीव अंडी घालत नाहीत. चांगल्या पेलेटमध्ये फिशमील (माशांची भुकटी), क्रिल (कोळंबीसारखा समुद्री जीव), स्पिरुलिना (सूक्ष्म शेवाळ), जीवनसत्त्वं सगळं असतं. म्हणजे विविधता डब्यातच आहे, ती मला चमच्याने कालवत बसायची गरज नाही.

आता फ्रोझनबद्दल. मुंबईत ते दुकानात येईपर्यंत किती वेळा वितळतं आणि परत गोठतं, याची खात्री कोण देणार? माझ्या ओळखीचा एक दुकानदार रात्री फ्रीजरचं बटण बंद करून घरी जायचा, बिल वाचवायला. वर त्या ठोकळ्याचं पाणी टाकीत गेलं की फॉस्फेट, फॉस्फेट गेलं की शेवाळ, की मग तुम्हीच विचारणार, "दगडांवर हिरवं का आलंय?" पाणी बिघडून झालेल्या अमोनियाने मेलेले मासे मी ढिगाने पाहिलेत. 'पदार्थात वैविध्य नव्हतं' म्हणून मेलेला एक तरी दाखवा.

खारंपाणी

ठोकळा चहाच्या गाळणीत धरायचा, टाकीतलंच मगभर पाणी त्यावर ओतायचं, खाली गुलाबी पाणी गळतं ते मोरीत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वितळून परत गोठलेलं मायसिसही ओळखता येतं. चांगल्यात प्रत्येकाचे दोन काळे डोळे ठसठशीत दिसतात आणि शेपूट शाबूत असते. बिघडलेल्याचा नुसता लगदा होतो आणि पाकिटात भुसभुशीत बर्फ साठलेला असतो. घेऊ नका, परत करा.

अंड्यांचं म्हणाल, तर अंडी घालणं वेगळं आणि त्यातून निघालेली पिल्लं जगणं वेगळं. जोडीच्या आहाराचा परिणाम अंड्याच्या प्रतीवर होतो, पैदास करणारा कुणीही सांगेल. तुमची किती जगली?

एकच डबा

मी पिल्लं वाढवतच नाही. त्यांना खायला लागणारे सूक्ष्म रोटिफर पाळायला मला नोकरी सोडावी लागेल.

गिरगावची वहिनी

तुम्हा दोघांचं चालू द्या. मी यांच्या टाकीमुळे इथे आले, कारण आमच्या फ्रीजरचा वरचा कप्पा आता माझा राहिलेला नाही. गेल्या श्रावणात सासूबाईंनी मटारचं पाकीट समजून मायसिसचं पाकीट बाहेर काढलं. घरात महिनाभर अंडंसुद्धा येत नाही आणि ओट्यावर ती डोळे असलेली पिशवी! त्या दिवशी नैवेद्य पुन्हा रांधावा लागला. मला एवढंच सांगा, हे मासे श्रावण पाळू शकतात का नाही?

मुलुंडचा मासेवाला (विकत नाही, पाळतो)

वहिनी, तुम्ही निदान स्वतःच्या घरात आहात. मी भाड्याने राहतो, सोसायटी शाकाहारी. मासे पाळायला हरकत नाही, घरमालक स्वतः येऊन "कित्ती सुंदर" म्हणून गेले. माशांना मासे घालायला मात्र हरकत आहे. कोळंबी चिरताना वास जिन्यात गेला आणि सेक्रेटरी दारात. मी म्हटलं, मी खात नाहीये, तो खातोय, आणि क्लाउनकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "नियम फ्लॅटला आहे." तेव्हापासून पेलेट. 'एकच डबा' माझ्यावर उपकार करताहेत असं समजून मी त्यांच्या बाजूने.

गिरगावची वहिनी

हा नियम घर देताना सांगितला होता का? नसेल तर भांडा. आमच्या चाळीत सुक्या बोंबलाचा वास आला तर लोक विचारायचे, "कुणाकडे जेवायला येऊ?"

शांताराम_दादर

सांगून काय होणार? घर हवं असतं, माणूस हो म्हणतो. मुंबईत मराठी माणसाने मासे कुठे शिजवायचे हा प्रश्न आधी सोडवा, मग माशांच्या जेवणाचं बघू. आमच्या ऑफिसात डबा गरम करायला बंदी. का, तर एकाला बांगड्याचा वास आला!

डोंबिवलीकर

शांतारामभाऊ, शाकाहारी माणसाला वासाचा त्रास होऊ शकतो हे मान्य करायला काय जातं? मी मराठीच आहे, माळकरी घरातला आहे. प्रत्येक गोष्टीत अस्मिता कशाला?

शांताराम_दादर

त्रास होऊ शकतो. त्रास होतो म्हणून दुसऱ्याने आपल्या घरात काय खायचं ते ठरवता येत नाही. दोन्हीत फरक आहे, बघा कळतोय का.

डोंबिवलीकर

कळतोय. 'बघा कळतोय का' या भाषेमुळे जास्तच कळतोय.

खारंपाणी

अहो, धागा कशाचा आहे? वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : लॉनमोअर ब्लेनी जवळपास माळकरीच आहे, शेवाळ, नोरी, स्पिरुलिना यांवर मजेत राहतो. बाकीच्यांना श्रावण लावू नका. फ्रीजचा प्रश्न छोट्या झाकणाच्या डब्याने सुटतो. पाकीट त्यात, वर चिकटपट्टी, पट्टीवर मोठ्या अक्षरात 'माशांचं'.

गिरगावची वहिनी

'माशांचं' लिहिलं तर आमच्याकडे त्याचं कालवण होईल.

वर्सोव्याची पारू

तुमचं हे गोठवलेलं परदेशी खाणं मला कळत नाही. आमच्या दारात जवळा येतो, करंदी येते, तिसऱ्या येतात. ताजं, त्याच समुद्रातलं. माझा भाऊ टाकीत हेच घालतो. जवळा निवडून, धुवून, बारीक चिरून. मासे कसे लालबुंद आहेत बघायला या. डबेवाले आणि ठोकळेवाले दोघंही पैसे उडवताय.

तपशीलवार तात्या

जवळा उत्तम, यात वाद नाही. करंदीही. पण कच्च्या तिसऱ्या आणि मांदेली रोज घालू नका. बऱ्याच शिंपल्यांत आणि काही माशांत थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. मांदेली अँकोव्हीच्या कुळातली, आणि त्या कुळात ते असल्याचं माहीत आहे. गोठवून ते जात नाही. फक्त शिजवून जातं.

वर्सोव्याची पारू

आम्ही पिढ्यान्पिढ्या मांदेली आणि तिसऱ्या खातोय, आमचं काय मोडलं?

तपशीलवार तात्या

तुम्ही शिजवून खाता.

वर्सोव्याची पारू

बरं, शिकलेल्यांचं बरोबर. तिसऱ्या बंद, जवळा चालू. चालेल ना साहेब?

तपशीलवार तात्या

चालेल. फक्त जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हाचं काय ते आधी ठरवा. मे महिन्यातच धुवून, पातळ थर करून गोठवून ठेवा. बाजारातला सुका जवळा मिठाचा आणि वाळूचा असू शकतो, तो नको.

एकच डबा

म्हणजे दोन महिने पुन्हा फ्रीजर. म्हणजे वहिनींचा वरचा कप्पा. माझं काय चुकलं होतं म्हणालात?

मिठागर

जिवंत ब्राइन श्रिंपचं कुणी बोलतच नाही. वडाळ्याच्या मिठागरात आर्टेमिया, म्हणजे हेच ब्राइन श्रिंप, सापडल्याची नोंद १९५० च्या दशकातली आहे, म्हणजे हा प्राणी मुंबईला परका नाही. अर्थात तिथून आणून टाकीत सोडू नका, खाडीत काय काय सोडलं जातं ते आपल्याला माहीत आहे. अंडी विकत घ्या. पाण्याची रिकामी बाटली उलटी टांगायची, लिटरला २५-३० ग्रॅम मीठ, तळाला हवा, वर दिवा. मुंबईच्या हवेत हीटर लागत नाही, साधारण २४ तासांत नारिंगी ढग दिसतो. मी फुटल्या फुटल्या त्यात स्निग्धाम्लांचे थेंब टाकतो, म्हणजे पिल्लं पौष्टिक होतात.

तपशीलवार तात्या

फुटल्या फुटल्या त्यांना खाताच येत नाही, ती पोटातल्या बलकावर जगतात. पहिली कात टाकल्यावर, म्हणजे आठ-बारा तासांनी, खायला लागतात. तोवर तुमचे थेंब बाटलीला पौष्टिक करताहेत. बलक शिल्लक असताना तशीच दिली तरी चांगलीच.

मिठागर

तात्या, कधी कुणाला 'छान' म्हणालात का आयुष्यात?

नवीन_टाकी_ठाणे

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. माझ्याकडे दोन फुटी टाकी, तीन महिने जुनी. दुकानदार म्हणाला, "सगळं खातो," म्हणून मँडरिन घेतला. पेलेटकडे बघत नाही. मायसिसही नाही. डोक्यामागे दोन्ही बाजूंनी पोट आत गेल्यासारखं दिसतंय. काय करू?

खारंपाणी

घ्या. 'एकच डबा', तुम्ही मागितलेला दाखला आला. तोही अजून जिवंत आहे तोवर.

नवीन टाकी, डोक्यामागे खड्डा पडला म्हणजे तो उपाशी आहे. आजपासून आर्टेमियाची बाटली लावा, पिल्लं ड्रॉपरने त्याच्या तोंडाशी, पंप बंद करून, दिवसातून तीन-चारदा. ही मलमपट्टी आहे. दोन फुटी नव्या टाकीत कोपेपॉड तयार होतात त्याहून वेगाने तो संपवतो. जुन्या, दगडांनी भरलेल्या मोठ्या टाकीत त्याला हलवावं लागेल.

मुलुंडचा मासेवाला (विकत नाही, पाळतो)

आणि त्या दुकानदाराकडे जाऊन दोन शब्द सुनवा. 'सगळं खातो' म्हणे. सेक्रेटरीला पाठवू का?

एकच डबा

मँडरिन घेऊ नये, हे मी कायम सांगत आलोय. ठीक, माझं विधान सुधारतो. मँडरिन वगळता. ब्लेनी वगळता. अँथियास मासा कुणी आणलाच तर तो वगळता. वगळायची यादी संपली की कळवा, उरलेल्यांना पेलेट घालतो.

खारंपाणी

उरतो तुमचा क्लाउन. तो दगड घातले तरी अंडी घालेल.

एकच डबा

नवीन टाकी, ऐका. माझी टाकी चार फुटी आहे, दगड जुने, रात्री टॉर्च मारला की काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसतात, तेच कोपेपॉड. मँडरिन माझ्याकडे नाही, त्यामुळे वाटेकरी कुणी नाही. मँडरिन आणून द्या, त्याने अंग धरलं की हवा तर परत न्या. खारंपाणींनी यावर काही लिहू नये.

खारंपाणी

मी काही लिहिलेलं नाही. फक्त विचारतो, कोपेपॉड म्हणजे चोचले ना?

एकच डबा

फुकटचे चोचले चालतात. नवीन टाकी, शनिवारी संध्याकाळी या. थर्माकोलचा डबा आणा, पिशवीत पाणी कमी आणि हवा जास्त ठेवा, लोकलने येणार असाल तर गर्दीची वेळ टाळा. निघण्याआधी ड्रॉपरने एकदा खायला घाला.