काजू प्रक्रिया उद्योगासाठी भागीदार कसा निवडावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोडामार्ग तालुक्यात आमची काजूची बाग आहे. येत्या हंगामापासून घरचे आणि शेजारच्या बागायतदारांचे बी घेऊन लहानसा प्रक्रिया कारखाना सुरू करायचे मी ठरवले आहे. जागा घरची आहे, यंत्रांची दरपत्रके आली आहेत आणि बँकेशी पहिले बोलणेही झाले आहे. अडले आहे ते भागीदाराच्या निवडीपाशी. ज्यांनी स्वतः भागीदारीत धंदा केला आहे, किंवा एखादी भागीदारी टिकताना अथवा मोडताना जवळून पाहिली आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे.

प्रश्न नीट समजण्यासाठी या धंद्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. काजू बी साधारण फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत बाजारात येते, कारखाना मात्र वर्षभर चालवायचा असतो. त्यामुळे वर्षाचा कच्चा माल त्या थोड्या महिन्यांतच खरेदी करून, उन्हात वाळवून गोदामात ठेवावा लागतो, आणि भांडवलाचा सर्वांत मोठा हिस्सा यंत्रांत नव्हे, तर या साठ्यात अडकून पडतो. ढोबळ हिशेबाने चार किलो बियांतून एक किलो गर मिळतो. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या जातींचे चांगले बी असेल तर उतारा, म्हणजे बियांतून मिळणाऱ्या गराचे प्रमाण, ३० टक्क्यांच्या आसपास जातो. ओले, पोचट किंवा अवकाळी पावसात भिजलेले बी असेल तर तो बराच घसरतो. मी पहिल्या वर्षी ३० टन बी घेण्याचा विचार करतो आहे. त्यात उताऱ्याचा एक टक्का इकडचा तिकडे झाला, तरी ३०० किलो गराचा फरक पडतो. म्हणजे नफा-तोटा बराचसा खरेदीच्या वेळीच ठरून जातो. पुढचे वाफवणे, फोडणे, बोर्म्यात (गर सुकवण्याच्या भट्टीत) सुकवणे, सोलणे आणि प्रतवारी करणे या कामांत तो फार तर सांभाळता येतो.

माझ्यासमोर दोन व्यक्ती आहेत. एक माझा महाविद्यालयापासूनचा मित्र. तो पुण्यात खासगी नोकरी करतो, निम्मे भांडवल घालायला तयार आहे आणि त्या बदल्यात निम्मा वाटा मागतो. त्याच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. मात्र तो नोकरी सोडणार नाही, म्हणजे रोजच्या कामाचा सगळा भार माझ्यावर राहील. शिवाय, मे महिन्यात सगळा पैसा बियांत गुंतलेला असताना गराचा भाव पडला, तर तो धीर धरू शकेल की नाही, हे मला सांगता येत नाही. दुसरे गृहस्थ वयाने मोठे आहेत आणि आजरा भागातील एका कारखान्यासाठी अनेक वर्षे बी खरेदी करत आले आहेत. मूठभर बी हातात घेऊन, त्यातले चार दाणे कापून ते मालाची प्रत सांगतात. बागायतदार आणि गावोगावचे छोटे व्यापारी त्यांना ओळखतात. त्यांच्याकडे भांडवल जवळजवळ नाही, पण पगारावर यायची त्यांची तयारी नाही. त्यांना वाटाच हवा आहे. घरच्यांचे मत मित्राच्या बाजूने आहे. माझे मन दुसरीकडे झुकते, पण एका गोष्टीची मला खरोखर भीती वाटते.

ती भीती कायद्यातून आली आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मी वकिलांकडून समजावून घेतला. पेढीच्या, म्हणजे भागीदारीतील धंद्याच्या, नेहमीच्या व्यवहारात एका भागीदाराने केलेली खरेदी सर्व भागीदारांना बांधून घेते. एका भागीदाराने किती रकमेपर्यंत उधारी करावी, अशी मर्यादा आम्ही करारात घातली, तरी ज्या व्यापाऱ्याला ती ठाऊक नाही त्याच्यावर ती सहसा लागू होत नाही. कलम २५ प्रमाणे पेढीच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. म्हणजे ज्यांच्या हातात खरेदी आहे त्यांच्याकडे गमावण्यासारखे फारसे काही नाही, आणि माझी बाग मात्र पणाला लागते. २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी, जिच्यात भागीदाराची जबाबदारी साधारणपणे त्याच्या भांडवलापुरती राहते) हा मार्ग सुचवला गेला आहे; परंतु बँक कर्जासाठी वैयक्तिक हमी मागणारच असल्याने त्या कर्जापुरते तरी मर्यादित दायित्व नावालाच उरते.

आणखी एक तरतूद मला महत्त्वाची वाटली, आणि भागीदारीच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने ती आधी वाचावी असे मी आग्रहाने म्हणेन. करारात वेगळे लिहिले नसेल, तर नफा सर्वांत समान वाटला जातो आणि दिवसभर काम करणाऱ्या भागीदाराला कामाचा वेगळा मोबदला मिळत नाही. मित्राशी निम्म्या वाट्याची बोलणी त्याच्या घरी चहा घेताना झाली. त्यात माझ्या वर्षभराच्या मेहनतीची किंमत कोणीच धरली नव्हती. हा विषय आता काढला तर त्याला तो अविश्वास वाटेल का, हा संकोच आहे, पण तो काढावाच लागेल.

वकिलांनी कलम ६ कडेही लक्ष वेधले. केवळ नफ्यात वाटा मिळतो म्हणून कोणी भागीदार ठरत नाही. पैसे उसने देणारा किंवा नोकरसुद्धा नफ्याचा हिस्सा घेऊ शकतो. यावरून मला असे सुचते, की पहिला हंगाम मालकी माझी एकट्याची ठेवावी, मित्राची रक्कम कर्ज म्हणून व्याजाने घ्यावी, आणि खरेदी पाहणाऱ्या गृहस्थांना पगाराऐवजी उताऱ्याशी जोडलेला नफ्याचा हिस्सा लेखी द्यावा. हंगाम संपल्यावर, एकमेकांचे काम आणि हिशेबाची पद्धत पाहून, भागीदारीचा निर्णय घ्यावा. मात्र असा कसलेला माणूस मालकीच्या आश्वासनाशिवाय एक वर्ष थांबेल का? आणि थांबला नाही, तर ऐन मार्चमध्ये दुसऱ्या कारखान्याने त्याला नेले तर माझ्या हातात काय उरेल?

म्हणून जाणकारांना काही नेमके विचारायचे आहे. पैसा आणणारा आणि कसब आणणारा यांच्यात वाट्याचे प्रमाण तुम्ही कशाच्या आधारे ठरवले, आणि दोन-तीन वर्षांनी ते बदलावे लागले का? खरेदीचे अधिकार एकाच्या हाती असताना उधारीवर लगाम कसा ठेवला: ठरावीक रकमेपुढे दोघांच्या सह्या, की खरेदी केवळ बँकेमार्फत? पेढी पुढे चालू राहण्याचे कलम करारात नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने ती कायद्याने विसर्जित होते. त्या कलमात वारसांना पैसे किती मुदतीत द्यायचे आणि गोदामातील मालाचे मूल्य कोणत्या भावाने धरायचे, हे तुम्ही कसे लिहिले? आणि काजू, आंबा किंवा कोकम प्रक्रियेत असलेल्यांनी हेही सांगावे, की मी लिहिलेली एका हंगामाची तात्पुरती व्यवस्था प्रत्यक्षात कोणी करून पाहिली आहे का. खरेदीची बोलणी जानेवारीत सुरू करावी लागतात, तोपर्यंत मला दोघांनाही स्पष्ट उत्तर द्यायचे आहे.